डायनमो काढून अल्टरनेटर बसवला तरी बॅटरी उतरते : जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग आणि बिघाडाचा शोध

प्रश्न थोडक्यात असा. जुना १२ व्होल्टचा डिझेल ट्रॅक्टर. मूळचा डायनमो काढून त्याजागी आतच रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर बसवला आहे. वायरी जुन्या कटआउटच्या (डायनमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचच्या) डब्यावरच एकत्र केल्या आहेत. डॅशवरचा चार्जिंगचा दिवा गेला होता, म्हणून तिथे छोटा एलईडी लावला. आता इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर १२.३ व्होल्ट दिसतात; एकदा जोरात रेस दिली की १४.१ होतात आणि पुढे तसेच राहतात. शिवाय ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला की ७५ अँपिअर-अवरची बॅटरी सेल्फ फिरवत नाही. मेकॅनिकचं म्हणणं, अल्टरनेटर गेला, नवा टाका.

इतक्यात टाकू नका. जो अल्टरनेटर रेस दिल्यावर १४.१ वर जातो आणि तिथेच थांबतो, त्याचे ब्रश, रोटर (आत फिरणारं विद्युतचुंबक) आणि रेग्युलेटर (व्होल्ट ताब्यात ठेवणारा भाग) काम करताहेत. नवा आणून याच वायरिंगवर लावलात तर तोही असाच वागेल. तुमच्याकडे एकमेकांशी संबंध नसलेले दोन बिघाड आहेत. पहिला जवळजवळ नक्की त्या एलईडीचा आहे. दुसऱ्याबाबत माझा पहिला संशय त्या जुन्या डब्यावर आहे.

आधी दिवा. डायनमोच्या लोखंडी पोलमध्ये थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं, त्यामुळे तो फिरवला की आपोआप वीज तयार करायला लागतो. त्याच्या वायरिंगमध्ये दिवा फक्त खूण म्हणून होता. फुटला तरी चार्जिंगला काही फरक पडत नसे. अल्टरनेटरचं तसं नाही. त्याच्या रोटरला ब्रशमधून करंट मिळाला तरच तो चुंबक होतो, उरलेलं चुंबकत्व अगदीच क्षीण असतं. हा पहिला करंट येतो तो किल्लीकडून दिव्यातून, दिव्यातून अल्टरनेटरच्या आयएनडी किंवा डी प्लस (दिव्याच्या वायरीच्या) टर्मिनलवर, तिथून रोटरमध्ये आणि रेग्युलेटरमार्गे बॉडीला. पंप पाणी उचलण्याआधी त्यात प्रायमिंगचं पाणी ओतावं लागतं, तेच काम हा करंट करतो. एकदा वीज तयार होऊ लागली की आतले तीन छोटे फील्ड डायोड (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) रोटरला परस्पर पोसतात. मग दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि दिवा विझतो.

दिव्याचा बल्ब साधारण २.२ वॉटचा असतो. म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.१८ अँपिअर. डॅशवर लावायच्या एलईडीतून जेमतेम १० ते २० मिलिअँपिअर जातात, म्हणजे दहावा हिस्साच. तेवढ्यावर मंद आरपीएमला रोटर उठत नाही. जोरात रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वातून थोडे व्होल्ट तयार होतात, ते फील्ड डायोडमधून परत रोटरला मिळतात, आणि मग गाडी रुळावर येते. तुमचं १२.३ वरून १४.१ वर जाणं हेच आहे.

उपाय सोपा आहे. २.२ वॉटचा साधा बल्ब आणि होल्डर परत लावा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. १२ व्होल्टवर त्यात सव्वादोन वॉटच्या आत उष्णता तयार होते, पण किल्ली चालू राहिली तर तो बराच तापतो, म्हणून ५ वॉटचा घ्यायचा आणि प्लास्टिकपासून लांब बसवायचा.

काही जण दिव्याची कटकटच नको म्हणून आयएनडी टर्मिनल सरळ बॅटरीला जोडतात. रोटरचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम असतो, म्हणजे ट्रॅक्टर उभा असताना तीनेक अँपिअर सतत रोटरमध्ये जाणार. बॅटरी दीड दिवसही टिकणार नाही आणि रोटर भाजत राहील तो वेगळाच. किल्लीमागून, पण मध्ये दिवा न ठेवता जोडलं, तर पेट्रोल किंवा केरोसिनवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला आणखी एक गंमत होते: किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, कारण अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा इग्निशन कॉइलला वीज पुरवत राहतो. मध्ये दिवा असला की हा उलटा प्रवाह कॉइल पेटवण्याइतका उरत नाही. दिव्याऐवजी डायोड लावायचा असेल तर त्याची पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे हवी.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट तपासायची, जी सहसा कुणी विचारत नाही: इंजिन चालवताना किल्ली चालूच ठेवता ना? जुनं डिझेल इंजिन किल्लीशिवायही चालतं आणि स्टॉपची तार ओढून बंद होतं. सेल्फचं बटण वेगळं असेल तर कित्येक जण किल्लीला हातच लावत नाहीत. किल्ली बंद असली की दिव्याला वीज नाही आणि अल्टरनेटर झोपलेलाच. उलट इंजिन तारेने बंद करून किल्ली चालूच विसरली, तर दिव्यातून आणि रोटरमधून बॅटरी हळूहळू उतरते.

एका वायरीचा, म्हणजे दिव्याची वायर लागतच नाही असा अल्टरनेटरही मिळतो आणि तो घ्या म्हणून सल्लाही मिळेल. जुन्या ट्रॅक्टरवर मी तो बसवत नाही. तो जागा व्हायलाच जास्त आरपीएम लागतात, आणि या इंजिनांचं निम्मं आयुष्य मंद चालण्यात जातं. शिवाय चार्जिंग बंद पडलं हे सांगणारा दिवाही राहत नाही.

आता चार दिवसांत बॅटरी उतरण्याचं. इथे मीटर हातात घेण्याआधी थोडं गणित करावं. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण निम्मी झाली की डिझेलचा सेल्फ फिरवताना मान टाकते. म्हणजे चार दिवसांत, ९६ तासांत, ३७-३८ अँपिअर-अवर गेले. भागाकार केला की सुमारे ०.४ अँपिअर येतात. (बॅटरी आधीच थकलेली असेल तर याहून कमीही पुरतील, म्हणून हा आकडा अंदाजापुरताच.) रोटर थेट बॅटरीला लागला असता तर तीन अँपिअर गेले असते, तेव्हा ते नाही. डायोड पूर्ण शॉर्ट असता तर याहून कितीतरी जास्त गेले असते आणि १४.१ व्होल्टही दिसले नसते. शिल्लक राहतो तो लहान पण अखंड गळणारा करंट.

जुन्या डब्यात कटआउट आणि रेग्युलेटर, अशा दोन कॉइल असतात. लुकासच्या डब्यावर ए (बॅटरी), ए१ (बाकीचं वायरिंग), डी (डायनमो), एफ (डायनमोचं फील्ड) आणि ई (बॉडी) अशी टर्मिनलं सापडतील. व्होल्टेज ओळखणारी बारीक तारेची गुंडाळी डी आणि ई यांच्यामध्ये, म्हणजे डायनमो आणि बॉडी यांच्यामध्ये असते. डायनमो थांबला की कटआउटचे पॉइंट उघडतात आणि डी बॅटरीपासून सुटतो, म्हणून मूळ व्यवस्थेत काही गळत नसे. तुम्ही अल्टरनेटर लावताना डी आणि ए एकत्र केले. सगळेच करतात आणि करावंही लागतं, पण त्यामुळे ती गुंडाळी रात्रंदिवस बॅटरीवर राहिली. इंजिन बंद करून काही वेळाने डब्याचं झाकण काढून गुंडाळीला बोट लावा. कोमट लागली तर चोर सापडला.

पक्की खात्री मीटरनेच होते. किल्ली आणि सगळे दिवे बंद. बॅटरीचा अर्थिंगचा क्लॅम्प काढा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून एक टोक क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या पोलला लावा. मीटर असा लावलेला असताना सेल्फला अजिबात हात लावायचा नाही, मीटरचा फ्यूज तिथेच जाईल. इलेक्ट्रॉनिक काहीही नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. काही मिलिअँपिअर चालतील. ०.३-०.४ दिसले तर डब्यावरच्या वायरी एकेक करून सोडवा. डबा सोडवल्यावर काटा शून्यावर आला तर काम झालं. नाही आला तर अल्टरनेटरची बी प्लस, म्हणजे बॅटरीकडे जाणारी जाड वायर काढून तिचं टोक टेपने झाका. त्यानंतर शून्य झालं तर मात्र डायोड गळतोय. त्याची आणखी एक खूण म्हणजे रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सकाळी हाताला किंचित उबदार लागतो.

डबा मूळ रूपासाठी जागेवर ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण आतून रिकामा करून. गुंडाळीची बॉडीकडे जाणारी जोडणी कापा. डी, ए आणि ए१ वरच्या वायरी एकाच नटाखाली चांगल्या लगने घट्ट करा. दिव्याची जी वायर आधी डी वर होती, ती तिथून काढून डायनमोच्या एफ वायरीला जोडा, आणि तीच एफ वायर पुढे अल्टरनेटरच्या आयएनडीवर न्या. त्यामुळे जुन्या दोन वायरींपैकी बारीक एफ वायर दिव्याच्या कामी येते आणि नवी वायर ओढावी लागत नाही.

जाड वायरीबाबत मात्र कंजूषी नको. डायनमोची डी वायर त्या काळच्या करंटसाठी होती. लुकासचा सी४० डायनमो २२ अँपिअरचा, तर त्याजागी बसणारा १७एसीआर अल्टरनेटर ३६ अँपिअरचा आहे. तीन मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ३६ अँपिअर गेले तर पाऊण व्होल्ट वायरीतच जातात. ६ चौरस मिलिमीटरला हे ०.३ वर येतं, १० ला ०.२ च्या आत. आतला रेग्युलेटर बऱ्याचदा स्वतःच्या टर्मिनलवरचे व्होल्ट बघतो. त्याला १४.२ दिसतात, तो समाधानी असतो, आणि बॅटरीला मिळतात साडेतेरा. अशी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि दोष मात्र बॅटरीला मिळतो. म्हणून बी प्लसपासून सेल्फच्या सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी ६ किंवा १० ची वायर टाका आणि बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज बसवा. मोठा करंट डॅशपर्यंत नेऊन परत आणायची गरजच नाही.

त्यातून अँपिअर मीटरचा प्रश्न येतो. जुना मीटर २०-०-२० किंवा ३०-०-३० असतो. उतरलेल्या बॅटरीवर अल्टरनेटर पूर्ण जोरात आला की काटा एका बाजूला जाऊन आपटतो, आणि मीटरच्या मागचे नट ढिले असतील तर तिथे वायर जळते. मी तो मीटर शोभेला ठेवतो आणि बाजूला व्होल्टमीटर लावतो. व्होल्टमीटर जास्त खरं सांगतो.

पोलॅरिटीवर दोन शब्द, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी नसते. जुन्या ब्रिटिश आणि काही अमेरिकन ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल बॉडीला जोडलेला. फोर्ड ८एन तर ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ. सर्रास मिळणारे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात. बॅटरी उलटी राहिली तर डायोड त्याच क्षणी जातात, किल्ली फिरवायचीही वाट बघत नाहीत. म्हणून अल्टरनेटर जोडण्याआधी बॅटरीचा कोणता पोल बॉडीला आहे ते मीटरने बघा, वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. बॅटरी फिरवली की अँपिअर मीटरच्या दोन वायरी आणि पेट्रोल इंजिन असेल तर इग्निशन कॉइलच्या दोन वायरी उलट करा. सेल्फची मोटर सीरिज गुंडाळीची असेल तर पोल बदलले तरी त्याच दिशेने फिरते, त्याची चिंता नको. ६ चे १२ व्होल्ट करत असाल तर बल्ब, हॉर्न आणि कॉइलही बदलावी लागेल किंवा कॉइलला रेझिस्टर द्यावा लागेल.

टर्मिनल ओळखताना शिक्का वाचा. लुकास एसीआरवर मोठी पाती बी प्लस आणि छोटं पातं आयएनडी. युरोपियन धाटणीवर बी प्लस, डी प्लस आणि कधी डब्ल्यू. डब्ल्यू हे डिझेलच्या आरपीएम मीटरसाठी असतं, त्याला चार्जिंगचं काहीही जोडायचं नाही. डेल्को १०एसआयवर मागे बॅटरीचा बोल्ट आणि बाजूला १ व २ अशी पाती असतात: १ वर दिवा, २ वर बॅटरीचे व्होल्ट ओळखणारी वायर. ती २ ची वायर लोंबकळत सोडू नका.

चार्जिंगच होत नसेल तर शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. इंजिन बंद असताना बी प्लस आणि बॉडी यांच्यात बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत. शून्य असतील तर फ्यूज किंवा वायर तुटली आहे. मग किल्ली चालू करून दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर आयएनडीची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बाहेरचं सगळं ठीक आहे आणि दोष आत आहे: ब्रश झिजलेत, स्लिप रिंग काळ्या पडल्यात, रोटर तुटलाय किंवा रेग्युलेटर गेलाय. तरीही लागला नाही तर बल्ब, किल्ली किंवा वायर. दिवा लागलेला असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटरला करंट मिळत असेल तर ओढ जाणवते. पूर्ण ब्राइट दिव्याच्या करंटवर ती हलकीच असते, तेवढं लक्षात ठेवा.

इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन, बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. बॅटरी उकळून पाणी आटण्याआधी थांबवा. १३ च्या आसपास घुटमळत असेल तर हेडलाइट लावून दोन मापं घ्या. मीटरचं एक टोक बी प्लस बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर: ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोलपर्यंत: ०.२ च्या आत. हे दुसरं माप लोक घेतच नाहीत आणि जुन्या ट्रॅक्टरवर बिघाड बहुधा तिथेच असतो. रंगवलेला ब्रॅकेट, गंजलेला बोल्ट, ग्रीसने माखलेला ब्लॉक यांच्यातून करंट परत जाणार कसा? अल्टरनेटरच्या बॉडीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत एक जाड अर्थिंगची वायर टाकली की कित्येक ‘गेलेले’ अल्टरनेटर जिवंत होतात.

दिवा चालू इंजिनात मंद पेटत राहिला तर त्याच्या दोन टोकांत थोडा फरक आहे. बहुधा किल्लीचे पॉइंट जळालेले असतात किंवा एखादा फील्ड डायोड गेलेला असतो. मुख्य डायोड गेला की मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसतं. स्वस्त मीटर डीसीलाही एसी म्हणून दाखवतात. आधी इंजिन बंद असताना बघा, तिथेही काही दिसलं तर या चाचणीसाठी तो मीटर कामाचा नाही.

पट्ट्याबद्दल. डायनमोची मोठी पुली जुना रुंद पट्टा बसतो म्हणून अल्टरनेटरवर चढवतात, आणि मग मंद आरपीएमला दिवा विझत नाही. क्रँक पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ७० असेल तर ६०० आरपीएमला अल्टरनेटर सुमारे १२८५ ने फिरतो. तिथे १०० ची पुली लावली तर ९०० च मिळतात, आणि तेवढ्यावर तो नीट चार्ज करत नाही. पट्टा खोबणीच्या तळाला टेकत असेल तर घट्ट करूनही घसरणारच, योग्य मापाचा घ्या. फिरण्याची दिशा विजेसाठी महत्त्वाची नाही, पण पंख्यासाठी आहे. उलटा फिरणारा वाकड्या पात्यांचा पंखा हवा ओढत नाही आणि डायोड भाजतात.

जुन्या मेकॅनिकांच्या दोन सवयी डायनमोबरोबर निवृत्त व्हायला हव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून ‘चार्जिंग बघणं’ आणि एफ टर्मिनलला बॅटरीची ठिणगी देऊन ‘पोल चढवणं’. पहिल्यात व्होल्टेज एकदम उसळून डायोड आणि रेग्युलेटर जातो. दुसऱ्याची अल्टरनेटरला गरजच नाही. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी काढा.

तुमच्यापुरतं काम असं: आज २.२ वॉटचा बल्ब लावा आणि मंद आरपीएमला दिवा विझतो का बघा. मग डबा आतून रिकामा करून उभ्या ट्रॅक्टरचा करंट मोजा. त्यानंतरही ०.४ अँपिअर गळत असतील आणि बी प्लस काढल्यावर थांबत असतील, तरच अल्टरनेटर खाली उतरवा. उतरवलात की डायोडबरोबर ब्रशही बघून घ्या. पाच मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर त्याच वेळी बदला.